जलपर्णीतली खिडकी

त्या हिवाळ्यात तलावावर पाणी दिसत नव्हतं. बांधावर उभं राहिलं की या काठापासून त्या काठापर्यंत नुसती जलपर्णी. जाड, फुगीर देठांची, वारा आला की सगळीच्या सगळी एकदम हलणारी. नव्या माणसाला ते हरभऱ्याचं रान वाटलं असतं. म्हशींना तर वाटायचंच. घाटावर धुणं धुणाऱ्या एका काकूंची म्हैस दिवाळीनंतर त्यात शिरली आणि पोटापर्यंत अडकली. चौघांनी दोर लावून ती ओढून काढली, पण तिचा मागचा पाय कायमचा अधू झाला. काकूंनी घाटाशी परातीएवढं पाणी हातानं मोकळं करून ठेवलं होतं. त्यात धुतलेल्या कपड्यांना वाळल्यावरही वास यायचा.

मी या तलावावर पत्रक लिहिलं होतं.

आमचं गाव शेजारचं, गोरेगावच्या रस्त्यावरचं. माझे वडील हिंगोलीला एका छापखान्यात कामाला होते. दर शनिवारी घरी येताना त्यांच्या पिशवीत चुकीची छापली गेलेली पत्रकं असायची. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि कंटाळा आला की कागद उलटून पुढची बाजू वाचायची. त्यामुळे ‘निषेध’ हा शब्द मला ‘नदी’च्या आधी लिहिता येऊ लागला. मला अजूनही वाटतं की माणसाला जे म्हणायचं आहे ते एका पानात मावलं पाहिजे, त्याखाली त्याची सही पाहिजे आणि ते चौकात उभं राहून वाटता आलं पाहिजे. सही न करता जे बोललं जातं त्यावर माझा विश्वास नाही. वडिलांचा एक नियम होता: ज्याचा प्रश्न आहे त्याची सही सगळ्यात आधी घ्यायची, पुढाऱ्याची सगळ्यात शेवटी.

तर मी सेनगावहून तीनशे पत्रकं छापून आणली होती. ‘तलाव मोकळा करा’ हे मथळ्यात होतं. खाली डास, म्हशी, धुणं, गुरांचं पिणं, गुदमरून मेलेले राहू आणि कटला मासे, सगळं होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ते मांडायचं होतं. आता पहिली सही घ्यायची होती. ती कुणाची घ्यायची हे उघड होतं. तलावावर रोज, न चुकता, सकाळपासून बसणारा माणूस एकच होता. सगळं गाव त्यांना गळवाले मामा म्हणायचं. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सही तेवढी करता यायची.

डिसेंबरात एका सकाळी मी घाटावर गेले, तर मामा तलावाच्या मध्यावर बसलेले. बोट नाही, काही नाही. हिरव्या रानात खुरपणीला बसावं तसे.

“ओ मामा, सही पाहिजे!” मी काठावरून ओरडले.

“मंग इकडं ये!”

“कसं यायचं?”

“चालत. अजून कसं?”

घाटावरच्या काकू कपडा आपटता आपटता म्हणाल्या, “जा माय, जा. पत्रक बुडलं तर दुसरं छापता येतं. तुझं काय करावं?”

काठापासून मामांनी पऱ्हाट्यांच्या मोळ्या टाकल्या होत्या, एकीला लागून एक. कापूस संपल्यावर शेतातून उपटलेली झाडं, सुंभानं बांधलेली. जलपर्णी खालून उचलून धरते, वरून मोळी वजन पसरवते, आणि माणूस चालू शकतो.

“मोळीच्या मधात पाय टाक,” मामा म्हणाले. “आन थांबू नको. थांबलं की बुडतं.”

मी थांबले. डाव्या पायाची चप्पल गेली ती गेलीच. उरलेली वाट मी एका चपलेनं चालले. मामांनी माझ्या पायाकडं पाहिलं आणि नजर परत पाण्याकडं वळवली, हे त्यांचे उपकार.

मोळ्यांच्या शेवटी एक जुनं पत्र्याचं दार आडवं टाकलेलं होतं. त्यावर ते बसलेले, कानटोपी आणि अंगावर घोंगडी. समोर जलपर्णीत बाजेएवढा चौकोन कापलेला आणि त्यात काळं, स्वच्छ पाणी. त्याला ते खिडकी म्हणायचे. बांबूला विळा बांधून चारी बाजू कापायच्या आणि दाताळ्यानं गवत बाजूला ओढायचं. रात्रीच्या वाऱ्यानं सगळी जलपर्णी सरकते आणि खिडकीचं तोंड मिटत येतं. म्हणून रोज सकाळी ती पुन्हा उघडावी लागते. तलावावर गळ टाकणारे पाच-सहा जण होते तेव्हा त्यांच्यात एक रीत होती: ज्यानं खिडकी फोडली तिच्यात दुसऱ्यानं गळ टाकायचा नाही. पण मालकानं एक सकाळ चुकवली की ती खिडकी कुणाचीही. बाकीचे एकेक करून थकले, वारले, पुण्याला पोराकडे गेले. आता मामाच तेवढे उरले होते. हिसकावून घ्यायला कुणी नव्हतं, तरी ते एक सकाळ चुकवत नव्हते.

मी पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं. तंगूसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला, बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर स्थिर तरंगत होता. त्याच्यावरून त्यांनी नजर काढली नाही.

“बराबर लिवलं,” ते म्हणाले.

“मग करा सही.”

“उद्या ये.”

“उद्या काहून?”

“आज हात गार हाय.”

दुसऱ्या दिवशीही हात गारच होता. तिसऱ्या दिवशी मी सहीचं काढलंच नाही, नुसती बसले. मला तिथं बसायला आवडायला लागलं होतं हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नसतं. काठावरचे आवाज तिथं यायचे, पण पातळ होऊन. धुकं जलपर्णीवर पसरलेलं असायचं आणि ऊन वर आलं की खिडकीवर आधी फाटायचं. मामा सांगायचे, थंडीत मरळ सुस्त असते, खिडकीत ऊन पडल्याशिवाय तोंड उघडत नाही. गवताखाली पाण्यात दम नसतो. राहू-कटला त्यानंच मेले. मरळ मात्र वर येऊन हवा घेते, म्हणून ती टिकली. आणि साऱ्या तलावात वर यायला तिला जागा कुठं, तर इथं.

“म्हणजे ती तुमच्याकडंच येते.”

“येतेच. जाईल कुठं?”

मी एकदा त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी बर्फाच्या देशातलं गोठलेलं तळं. त्यात गोल भोक पाडून दोन माणसं स्टुलांवर बसलेली, आणि भोकातून पांढरेशुभ्र मासे काढत होती. मामांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला.

“हे पाणी हाय?”

“वरचं गोठलंय. दगडासारखं.”

“म्हंजे पऱ्हाट्या लागत न्हाईत.” ते बराच वेळ बघत राहिले. “मजा हाय लेकाची. आन रातून मिटत बी नसंल खिडकी.”

“मिटत असेल. पुन्हा गोठत असेल.”

“मंग आपल्यावानीच हाय,” ते म्हणाले आणि मोबाईल परत दिला. त्यांचं समाधान झालं होतं.

सही ते का टाळत आहेत, हे मला काकूंनी सांगितलं. मी काठावर परत आले तेव्हा त्या पिळा घालत होत्या.

“त्यो न्हाई करायचा सही. गवत गेलं की तलाव ठेक्यावर जातो. ठेकेदार जाळं टाकतो, राखणदार ठेवतो. मागच्या ठेक्याला राखणदारानं याची काठी मोडून पाण्यात फेकली व्हती, सगळ्यायसमोर. ठेका व्हता तवर हा बांधावर बी आला न्हाई.” मग पिळा बादलीत टाकून त्या म्हणाल्या, “पण माझी म्हैस लंगडी झाली त्याचं काय? त्याच्या मरळीपायी आमी सडक्या पाण्यात धुवावं व्हय?”

मी काठावर बसून राहिले. पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि जलपर्णी होती तोवर ठेका नव्हता, ठेका नव्हता तोवर मामा होते, हे माझ्या त्या पानात कुठंच नव्हतं. मी न विचारता लिहिलं होतं. ज्याची पहिली सही घ्यायची, त्यालाच विचारलं नव्हतं. छापून आणल्यावर सहीला गेले होते. अन्यायाविरुद्ध लिहिणाऱ्यांकडून ही चूक फार होते. आपण बरोबर आहोत याची आपल्याला घाई झालेली असते.

दुसऱ्या दिवशी मी मामांना सरळ म्हटलं, “हे पत्रक मी मांडत नाही. तुमचं नुकसान आहे यात.”

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढंच एकदा पाहिलं.

“मांडत न्हाई म्हंजे? गवत जायला न्हाई पायजे व्हय? तिची म्हैस मी दोर लावून काढली, मला ठावं हाय. हे पाणी गावाचं हाय. माझ्या एकट्यासाठी समद्यायनी वास घ्यावा का?”

“मग तुम्ही सही का करत नाही?”

धांड्याच्या तुकड्याजवळ एक बुडबुडा आला आणि फुटला.

“त्या राखणदारानं मला विचारलं व्हतं,” ते म्हणाले. “‘कोणाच्या परवानगीनं बसला रे?’ रे म्हणला. त्याचं वय माझ्या नातवायेवढं. मला काय सांगावं सुचलं न्हाई. म्या म्हणलं, मी गळवाला हाय. त्यो म्हणला, असं कुठं लिवलं हाय?” त्यांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडं पाहिलं. “तुला लिवता येतं ना? मंग हे लिही. मंग करतो सही.”

मी लगेच वही काढली. ‘गळाद्वारे पारंपरिक मासेमारी करणाऱ्या ग्रामस्थांचा हक्क ठेक्यातून वगळून अबाधित ठेवण्यात यावा.’ वाचून दाखवलं. मला ते पक्कं वाटलं.

“याच्यात मी कुठं हाय?” मामांनी विचारलं.

“हे काय, ‘पारंपरिक मासेमारी करणारे’ म्हणजे तुम्ही.”

“मला तसं कोण म्हणतं?”

“सरकारी कागदात असंच लिहितात, मामा.”

“राखणदार सरकारी कागद वाचणार हाय का? त्याला समजंल असं लिही. गळवाल्याला कुणी हटकू नये. बास.”

“एवढंच?”

“अजून काय पायजे?”

मी भांडून पाहिलं. अबाधित शब्दाचं वजन सांगितलं, वगळणं किती महत्त्वाचं ते सांगितलं. त्यांनी ‘हटकू नये’ सोडलं नाही. शेवटी तीच ओळ ठरली. पण पत्रकं तर छापून झाली होती. पुन्हा छापण्यापेक्षा मी ठरवलं की प्रत्येकावर, छापील मजकुराच्या खाली, ती ओळ हातानं लिहायची. तीनशे वेळा.

पुढचे आठ-दहा दिवस मी पत्र्याच्या दारावर त्यांच्या शेजारी बसून लिहीत होते. पाटीवर गठ्ठा, निळं पेन. थंडीनं रिफील अडायची. मामा पेन घेऊन बिडीच्या निखाऱ्याजवळ जरा वेळ धरायचे आणि परत द्यायचे. मी लिहीत असताना ते कधी कधी गळ सोडून कागदाकडं बघायचे. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण ओळीची लांबी पाठ झाली होती. एकदा मी घाईत एक शब्द गाळला, तर म्हणाले, “ही आखूड झाली.” पाहिलं, तर ‘कुणी’ राहिलं होतं.

त्याच दिवसांत एक मोठी मरळ लागली. धांडा सरळ खाली गेला, काठी वाकली, मामा उभे राहिले आणि दार एका बाजूला कलंडलं. मी गठ्ठा छातीशी धरून आडवी झाले.

“कागद सोड, दार धर!” मामा ओरडले.

मी कागद सोडले नाहीत, दारही धरलं नाही. कसं कुणास ठाऊक, आम्ही बुडालो नाही. मरळ हातभर लांब, पाठीवर काळी आणि पोटाला पांढरी. ओल्या पोत्यात टाकल्यावरही ती बराच वेळ धडपडत होती. तशी ती दिवसभर जिवंत राहते, म्हणून बाजारात जिवंतच जाते. मामांनी मग आधी हात पुसले आणि पहिल्या पत्रकावर सही केली. दोन अक्षरं आणि एक लांब रेघ.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, लेकरांना बुंदी वाटली आणि शाळेसमोर सतरंजीवर ग्रामसभा बसली. मामा मागे, भिंतीला टेकून. काकू बायकांमध्ये. ग्रामसेवकांनी माझं पत्रक उभं राहून वाचलं. वाचलं चांगलं, ठणठणीत आवाजात. राहू-कटल्याच्या ठिकाणी लोकांनी माना डोलावल्या. ‘आपले, तलावकाठचे ग्रामस्थ’ इथं ते थांबले आणि कागदाची घडी घातली.

मी उठायला लागले होते. त्याआधी मागून आवाज आला.

“साहेब, खाली अजून एक वळ हाय.”

ग्रामसेवकांनी कागद उघडला. “कुठं? संपलं की.”

“पेनानं लिवलेली. निळी.”

“ही? ही मला वाटलं कुणीतरी गिरवलीय.”

“गिरवली न्हाई. माझ्यासमोर लिवली. तीनशे बार.”

लोक हसले. मामा हसले नाहीत. ते भिंत सोडून उभे राहिले होते, टोपी हातात घेऊन. ग्रामसेवकांनी वाचलं, “गळवाल्याला कुणी हटकू नये.” मग कागदावरून मान वर करून विचारलं, “एवढंच?”

“एवढंच.”

मागून एक जण म्हणाला, “मामा, मंग आमी बी उद्यापासून गळ घेऊन येतो!”

“ये की,” मामा म्हणाले. “सकाळी सातपासून दुपारपावतर बस. हालायचं न्हाई, मोबाईल पाहायचा न्हाई. मंग सांग येतो का.”

ग्रामसेवक म्हणाले, ठरावात असं लिहिता येत नाही, भाषा वेगळी लागते. ठेक्याच्या अटीत बसवावं लागेल. बघू. त्या ‘बघू’चा अर्थ तिथं सगळ्यांना माहीत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू बसल्या जागेवरून बोलल्या.

“काहून बघू? तलाव मोकळा करा हे आमचं बी म्हणणं हाय, त्यावर सगळ्यायनी अंगठे केले. मंग त्याच कागदावरचं अर्धं घ्यायचं आन अर्धं बघायचं? लिवा की जसं हाय तसं. माझी म्हैस यानं काढली, तुमी व्हते का तिथं?”

ठराव लिहिला गेला. अटीची भाषा वेगळी होती, पण तिच्या शेवटी ती ओळ जशीच्या तशी आली. मामांनी ती दोनदा मोठ्यानं वाचायला लावली आणि मगच ते खाली बसले.

उन्हाळ्यात मशीन आलं. गावातली माणसंही दाताळी घेऊन उतरली. बांधावर जलपर्णीचे ढीग वाळत पडले. पावसाळ्यात तलाव भरला, पाणी दिसू लागलं, आणि पावसाळ्यानंतर तलाव ठेक्यावर गेला.

ठेकेदाराचा राखणदार आला त्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम गेले. पर्समध्ये ठरावाची प्रत होती. मामा बांधाखाली दगडावर बसलेले, कानटोपी तीच. राखणदार विशीतला, गळ्यात शिटी. तो बांधावरून खाली उतरला तेव्हा माझा हात पर्सकडं गेला. मामा उठले नाहीत.

“मी गळवाला हाय,” त्यांनी स्वतःच सांगितलं.

“सांगितलं हाय आमाले,” तो म्हणाला. “बसा, मामा.” आणि तो पुढं निघून गेला.

मामांनी त्याच्या पाठीकडं बराच वेळ पाहिलं. मग काठी उचलली, आणि तशीच हातात धरून राहिले. समोर या काठापासून त्या काठापर्यंत पाणी होतं. सकाळचं ऊन सगळीकडं सारखं पडलेलं. मरळीला वर यायला आता कुठलीही जागा चालत होती.

“येवढं पाणी,” ते म्हणाले. “पैले ती माझ्याकडं येत व्हती. आता मला तिच्याकडं जावं लागंल.”

“कुठं टाकायचा मग?”

“तेच तर.”

त्यांनी गळ टाकला. वाऱ्यानं धांड्याचा तुकडा हळूहळू काठाला आणून लावला. त्यांनी तो ओढला आणि पुन्हा टाकला, जरा लांब. तरी तो परत आला. दुपारपर्यंत काही लागलं नाही. घाटावर काकूंचं धुणं झालं, त्यांनी आमच्याकडं हात हलवला आणि लंगडत्या म्हशीला पुढं घालून त्या घरी गेल्या. मामांनी तंगूस काठीला गुंडाळला.

“उद्या पल्याड बाभळीच्या अंगानं बघू,” ते म्हणाले. “तिकडं वारा कमी लागतो.”